आबांच्या राजदूतचे थोर रक्षणकर्ते यांस खुले पत्र

तीर्थस्वरूप भाऊ यांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा संदेश वाचला. "आबांची राजदूत हा आपल्या घराण्याचा वारसा आहे, ती रिस्टोर झालीच पाहिजे," असं लिहून पुढे जोडलेले हात, भरलेले डोळे आणि पेटलेली आग असं सगळं तुम्ही टाकलं होतं. वाचून ऊर भरून आला. ज्या गाडीवर इतकी वर्षं सोयाबीनच्या कुटाराची पोती रचलीत, तिच्यावर तुमचा एवढा जीव आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पोती जरा जास्तच झाली असावीत.

उत्तर ग्रुपवर दिलं असतं, तर मागच्या दिवाळीसारखा तुम्ही पुन्हा ग्रुप सोडला असता आणि वहिनींना समजूत काढत बसावं लागलं असतं. म्हणून हे खुलं पत्र. शिवाय घाटावर काय नि घाटाखाली काय, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गोठ्यागोठ्यात अशी एक गाडी उभी आहे आणि तिच्यावर हक्क सांगणारे असे एकेक भाऊही आहेत. त्यांनाही लाभ होईल.

सर्वप्रथम तुमच्या संवर्धनकार्याबद्दल आभार. गेल्या आठवड्यात चिखलीचा मिस्त्री गोठ्यात येऊन गेला. त्यानं आधी सीटवरची कोंबडी उठवली, मग पाना घेऊन हेडपाशी वाकला आणि पाना तसाच हातात धरून माझ्याकडे पाहू लागला. प्लगच्या जागी नुसतं भोक होतं. प्लग कुठे गेला, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. एका हंगामात तुमचा फवारणीचा पंप सुरू होईना, तेव्हा तुम्ही राजदूतचा प्लग काढून त्याला लावलात. ऐन फवारणीत माणूस काय करणार? पण भोकात एक चिंधी कोंबायला तेवढा वेळ मिळाला नाही. तेव्हापासून सगळे पावसाळे त्या भोकानं प्यायले. मिस्त्रीनं किकवर उभं राहून दोनदा जोर केला. किक तसूभर हलली नाही. तो म्हणाला, "भाऊ, हे इंजन जाम नाई झालं, यानं समाधी घेतली."

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा प्लगनं काय होतं? ही टू-स्ट्रोक गाडी आहे. हिच्या क्रँकला आजच्या गाड्यांसारखं वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल आत जाईल तेव्हाच बेअरिंगला वंगण मिळायचं. गाडी बंद म्हणजे वंगण बंद. वरून पाणी, आत गंज. आता सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा टाकायच्या. क्रँक प्रेसवर खोलून कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि दोन्ही बाजूंची ऑइल सील बदलायची. एक सील जरी हवा ओढू लागलं तरी गाडी धड चालत नाही. टाकीत तुम्ही जे पेट्रोल 'राहू द्या, लागेल' म्हणून ठेवलं होतं, त्याचा डिंक झालाय आणि तळाला चाळणी. वायरिंग उंदरांनी संपवलं. ते मात्र तुमच्या खात्यावर टाकत नाही. उंदरांचा हिस्सा तुमच्यापेक्षा कमीच निघेल.

आता वारशाकडे वळू. तुमच्या चिरंजीवांनी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, त्यात एक 'राजदूत' लाखांच्या भावात विकली जात होती. त्याच रात्री तुम्हाला आबा आठवले. भाऊ, ती राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती, दोन सिलिंडरची, १९८३ मध्ये आलेली. फार खपली नाही, म्हणून आज शौकीन तिच्यामागे पळतात. आपली आहे ती १७५, एका सिलिंडरची, पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीवरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं बनवलेली, दूधवाल्यांची आणि शेतकऱ्यांची. आपल्या जिल्ह्यात घरटी एक गजानन सापडतो, म्हणून सगळ्यांचा सातबारा एक होत नाही. आणि 'बॉबी'मध्ये ऋषी कपूर चालवतो तीही ही नव्हे. ती छोट्या चाकांची जीटीएस. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या चिरंजीव तो व्हिडिओ टाकतील.

सातबारा निघालाच आहे तर सांगतो. आबा गेल्यावर वारसनोंदीसाठी तुम्ही तलाठ्याकडे ज्या चपळाईनं पोचलात, तिची गावात अजून आठवण काढतात. गाडीच्या आरसी बुकावर मात्र आजही मालक म्हणून आबाच आहेत. नियम सांगतो, मालक गेल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची. इतर वारसांची संमती लागते. तो कागद मी तुमच्याकडे पाठवला, तेव्हा तुम्ही 'बघू' म्हणालात. तुमच्या या 'बघू'ला सरकारनं भाव लावून ठेवलाय, तो असा. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाला उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा. म्हणजे तुमचा 'बघू' वर्षाला ३,६०० रुपयांना पडतो. वीस वर्षांपुढच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्कही २०२५ मध्ये २,००० रुपये झालं. वर पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट. एवढा महाग शब्द आपल्या घराण्यात दुसरा कुणी उच्चारला नसेल.

"मग व्हिंटेज करू," असंही तुम्ही सुचवलंत. सुचवणं हा तुमचा हातखंडाच. व्हिंटेज नोंदणीचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. गाडी पन्नास वर्षांपुढची हवी. आपली १९७८ ची, म्हणजे २०२८ पर्यंत थांबा. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये. चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं. दुधाच्या कॅनसाठी तुम्ही चासीला जे अँगल वेल्ड करून घेतलेत, ते मूळ पोलिश आराखड्यात होते असं तुम्हीच आरटीओला पटवून द्या. पटवण्यात तुमचा हात कोण धरील? आणि एवढं करून ती गाडी रोज वापरता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. तिला बाहेर न काढण्याचा अनुभव मात्र आपल्याकडे दांडगा आहे.

तर प्रश्न असा, की करायची की नाही. भेंडवळच्या घटमांडणीत पाऊसपाण्यापासून देशाच्या संरक्षणापर्यंत सगळ्याचं भाकीत निघतं, आपल्या राजदूतचं तेवढं राहून गेलं. म्हणून आपणच बसून हिशेब करू. विकण्यासाठी करायची, तर नफ्याचं नाव काढू नका. मिस्त्री म्हणतो त्या खर्चात दुसरी चालती गाडी दारात उभी राहते. शोभेसाठी करायची, तर क्रोम, नवा रंग, पॉलिश करून ती अशी चकचकीत होईल की आबांनी ओळखलीच नसती. त्यांच्या वेळी ती चिखलानं माखलेली असायची, कॅरिअरवर खताचं पोतं आणि खिशात पॉइंट घासायला काडेपेटी. खामगावच्या बाजारातून घाट चढून येताना ती दोनदा तापायची. आबा दोनदा थांबून विडी ओढायचे आणि निघायचे. तिच्यावर फूल कुणी वाहिलं ते फक्त दसऱ्याला.

राहिलं एकच कारण, चालवणं. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत का होईना, कुणीतरी ती नेणार असेल तर करू. इंजिन, ब्रेक, टायर, वायरिंग आणि टाकी, एवढंच. रंग आहे तसा, पोचे आहेत तसे. टाकीवरचा उजव्या अंगाचा पोचा तुमच्याच लग्नाच्या वरातीतला आहे, तो काढला तर पुरावा जाईल. आणि चालवायला कुणी तयार नसेल, तर नोंदणी रद्द करून अधिकृत स्क्रॅप केंद्रावर द्यायची आणि मोकळं व्हायचं. त्यात आबांचा अपमान नाही. त्यांनी म्हातारा बैलही कधी नुसता दाराची शोभा म्हणून बांधून ठेवला नाही. मधली वाट, म्हणजे 'असू द्या उभी, आठवण आहे', ती तुम्ही इतकी वर्षं वापरून पाहिलीत. गंज सोडून कुणाचंही तिनं भलं झालं नाही.

माझं मत करायची असं आहे, चालवण्यासाठी. शनिवारी मी चालवीन. खर्च निम्मा-निम्मा. पण त्याआधी तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात : संमतीपत्रावर सही, आरसी बुक, आणि डाव्या बाजूचं साइड कव्हर, ज्यात तुम्ही सध्या खिळे ठेवता. सही नको असेल तर तसं स्पष्ट कळवा, म्हणजे स्क्रॅपच्या कागदांवर घेईन. सही दोन्हीकडे लागतेच. येत्या रविवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर तुमचा व्हॉट्सॲप संदेश छापून गोठ्याच्या दारावर लावीन, खाली तुमच्या नावासह. गावाला वारशाचं महत्त्व कळायला हवं.

घरी सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला धाकटा चुलतभाऊ आणि निम्म्या गाडीचा मालक

ता. क. : गाडी सुरू झाली की पहिला मान तुमचा. राजूर घाट उतरून मोताळ्यापर्यंत जा आणि त्याच गाडीनं घाट चढून बुलढाण्याला परत या. मागे चिरंजीवांना बसवा. बंद पडली तर ढकलायला माणूस हवा आणि रीलही झकास होईल.