निशाणी डावा कान

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. गाडी धरायची तर एसटीनं राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. हा वेळ मी आजवर डुलक्यांत काढला. गेल्या महिन्यात पोरानं मोबाईलवर बोलती कादंबरी चढवून दिली. "बाबा, वाचायला वेळ नाही म्हणता ना, आता ऐका." वीस वर्षं सांभाळलेली सबब एका मिनिटात गेली.

कादंबरीचं नाव सांगत नाही. आपल्याच भागातल्या शेतकऱ्यावरची आहे, ताजी आहे, चांगली आहे. लेखकाची चौकात चहाला गाठ पडते, म्हणून एवढंच. हेडफोनची उजवी बाजू बंद असल्यामुळे ती डाव्या कानानं ऐकली. उजवीकडे कंडक्टर होता.

वाचणाऱ्याचा आवाज गोड. निवेदन असेपर्यंत सगळं ठीक, नायकाचा बाप बोलायला लागला की घोटाळा. आपल्याकडे 'शाळे'ची 'शाया' होते, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. मग त्यानं दिसेल त्या 'ळ'चा 'य' केला. मुंबईहून आलेला बँकेचा साहेबसुद्धा "वसुलीची वेय झाली" म्हणतो! तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात घाटावरची बोली वेगळी, घाटाखालची वेगळी. मलकापूरकडे खानदेशाचा वारा, देऊळगाव राजाकडे मराठवाड्याचा. यानं काढलेली वऱ्हाडी तिसरीच, मालिकेतल्या गड्याची.

वेग वाढवायचीही सोय आहे. दीडपटीवर नायकाच्या आईचा हंबरडा फलाटावरच्या घोषणेसारखा ऐकू येतो. नाक मुरडणार होतो, पण शेगाव याच जिल्ह्यात. 'गजानन विजय'चे २१ अध्याय एका बैठकीत संपवणारे आपण पाहिलेत. तो वेग अजून कुठल्या ॲपला जमलेला नाही. एकानं वाचायचं आणि दहांनी ऐकायचं, ही तर पोथीचीच रीत. स्वीडनची स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आली आणि तीच रीत आपल्याला वर्गणी भरून नव्यानं मिळाली.

खरी पंचाईत झोपेची. हातातलं पुस्तक छातीवर पडून वाट तरी बघतं. हे थांबतच नाही. मोताळ्याला डोळा लागला, मलकापूरला उघडला, तोवर इकडे बैल विकला गेला होता आणि पोरीचं लग्न मोडलं होतं.

म्हणजे ऐकणं वाईटच, असा निकाल मी देऊन टाकला असता. आडवे आले आमचे आबा. रमेश इंगळे उत्रादकरांनी २००५ मध्ये 'निशाणी डावा अंगठा'त साक्षरता अभियानाच्या कागदी कारभाराची जी खिल्ली उडवली, तसल्याच कुठल्याशा कागदावर आबाही नवसाक्षर आहेत. प्रत्यक्षात अंगठाच. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मी त्यांना कौतुकानं सांगायला गेलो, की शेतकऱ्यावरच्या कादंबरीला दिल्लीचा मान मिळाला. आबा म्हणाले, "माह्यावर लिहेल मले कोन वाचून दाखवीन?"

मी तेव्हा हसून विषय बदलला होता. यंदा त्यांना मोबाईल दिला. खिशात फोन ठेवून, सोयाबीन निंदता निंदता त्यांनी अख्खी कादंबरी तीन दिवसांत संपवली. सुरू करायलाही अंगठाच लागतो, त्यामुळे काही शिकवावं लागलं नाही. चौथ्या दिवशी समीक्षा आली. "गोष्ट खरी हाय. पन हा वाचनारा पोट्टा कधी वावरात गेला नसन. वखर हाकतानी मानूस एवढा बोलते का?"

दुसरी कादंबरी कधी देतो, हेही त्यांनी विचारलं. मला हे वीस वर्षांत कोणी विचारलेलं नाही.

तेव्हा स्टुडिओवाल्यांना हात जोडून विनंती, पुढच्या खेपेला आवाज आमच्या जिल्ह्यातला घ्या. घाटावरचा की घाटाखालचा, ते मात्र आम्हाला विचारू नका, भांडणं होतील. आबा तयार आहेत. आवाज खडा आहे, एकही 'ळ' चुकणार नाही. अडचण एकच, त्यांना वाचता येत नाही.