पुस्तकात असं नव्हतं!

“वहिनी, काल अकरा वाजेपर्यंत तुमच्याकडे ‘अप्सरा आली’ चाललं होतं हो!”

“पोरांनी ‘नटरंग’ लावला होता काकू. झोपमोड झाली का?”

“झोपेचं राहू द्या. गोष्ट आनंद यादवांची, हे एकाला तरी ठाऊक होतं का?”

“छे! मी सांगितलं, तर धाकटा विचारतो, पुस्तकात पण गाणी आहेत का?”

“घ्या! पण अतुल कुलकर्णीची मात्र कमाल हं. गुणा पैलवानाचा नाच्या होतो, ते लेखकाला पानोपानी सांगता येतं. पडद्यावर अंगच दिसायला हवं. त्यानं आधी शरीर कमावलं, मग तेच उतरवलं. सुरुवातीचे ते दंड आणि नंतरची ती कंबर!”

“अंगाचं ठीक आहे, मनाचं काय? ढोलकी कडाडली की सगळं तिच्यात बुडालं.”

“मनाचं म्हणाल तर ‘शाळा’. बोकिलांच्या पुस्तकात मुकुंद जोशी स्वतःच सगळं सांगतो. शिरोडकर दिसली रे दिसली, की ह्याच्या मनात बडबड सुरू. सिनेमात बिचारं पोरगं नुसतं बघत बसतं.”

“तरी त्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय म्हटलं!”

“सरकारनं दिला, मी नाही. मी देईन तो ‘सिंहासन’ला. १९७९ चा सिनेमा, पण आमच्याकडे दर निवडणुकीला लागतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. तेंडुलकरांनी दोन्ही उसवून एकच गोधडी शिवली. टाका म्हणून दिसत नाही!”

“कापड बरंच उरलं असेल मग.”

“उरलं ना. ‘मुंबई दिनांक’मधली अर्धी मुंबई गळाली, त्याची हळहळ आहेच. पण निळूभाऊ! एरवी ते पडद्यावर आले की आमच्या पिढीतल्या बायका पदर सावरायच्या. इथं मात्र ते पत्रकार दिगू. सगळं बघतो, सगळं कळतं, हातात काही नाही. शेवटी खुळ्यासारखा हसत सुटतो ना, तेव्हा पुस्तकात काय होतं ते मला आठवतही नाही.”

“मग ‘पुस्तकात असं नव्हतं’ म्हणून नाक कोण मुरडतं हो नेहमी?”

“मीच! पण आमचा पुतण्या माझ्या वरताण. शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ची पारायणं केलेली, सिनेमाहून तणतणत आला. कट्ट्यावरचा एकेक जण त्यानं मनात कधीचा बसवून ठेवला होता. पडद्यावरचा कोण पटणार?”

“तरी चारदा बघितला असेल.”

“दोनदा. दुसऱ्यांदा माझ्या पैशानं. ते जाऊ दे, रविवारी या. ‘उंबरठा’ लावू. स्मिता पाटील आहे.”

“तो कशावरून?”

“शांता निसळांच्या ‘बेघर’वरून. वाचलंय?”

“नाही हो.”

“उत्तम. म्हणजे मधेमधे बोलणार नाही तुम्ही.”

“आणि तुम्ही?”

“मी वाचलंय ना! मी बोलणारच.”