घड्याळाची फेरफार नोंद

चाकणच्या मोटारकारखान्यात यंत्रांच्या देखरेखीस आलेल्या एखाद्या जर्मन अभियंत्याने शिरूरच्या लोकसभा उमेदवारांचा वादविवाद दूरचित्रवाणीवर पाहिला, तर त्याच्या रोजनिशीत काय उमटेल, याचे मला कुतूहल आहे. संभाजी महाराजांची भूमिका केलेले अमोल कोल्हे तेवढे नट, हे त्यास आगाऊ कळविले नाही, तर सूत्रसंचालकासकट सर्वांस तो त्याच मंडळीत जमा करील. खरी पंचाईत पुढेच. २०१९ साली जे घड्याळ हे निवडणूक चिन्ह घेऊन कोल्ह्यांनी धनुष्यबाणवाल्या शिवाजीराव आढळराव पाटलांचा पराभव केला, तेच घड्याळ २०२४ साली आढळरावांच्या हाती असून कोल्हे तुतारी वाजविणाऱ्या माणसाच्या आश्रयास गेलेले, आणि विजय पुन्हा कोल्ह्यांचाच. तेव्हा या जंगम मालमत्तेची फेरफार नोंद कोणत्या तलाठ्याने मंजूर केली, अशी पृच्छा हा शिस्तप्रिय गृहस्थ अवश्य करील. (ती पक्ष फुटल्यावर निवडणूक आयोगाने केली, हे सांगून त्याचे समाधान होईलसे वाटत नाही.) पुणे-नाशिक रस्त्याच्या कोंडीविषयी मात्र सर्व पक्षांचे मतैक्य पाहून तो चकित होईल, आणि मग ती सुटण्यास विरोध करणारा इसम कार्यक्रमास का बोलाविला नाही, एवढेच समासात लिहून ठेवील.