४४,००० डॉलरचं कूपन

न्यू जर्सीतल्या एडिसनचे आमचे डॉक्टरकाका वीस सेंटच्या कूपनासाठी दहा मैल गाडी हाकतात. रविवारच्या पेपरातली कूपनं ते शस्त्रक्रियेच्या कात्रीने कापतात आणि मुदतीच्या तारखेप्रमाणे पाकिटात लावून ठेवतात. एकदा मांजराच्या खाण्याचे सहा डबे फुकट मिळाले. घरात मांजर नाही. "मुदत संपत होती," काका म्हणाले. काकूंनी ते डबे शेजारणीला दिले. तेव्हापासून शेजारणीचं मांजर काकांच्याच ओट्यावर मुक्कामाला असतं.

पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून निघून काका सत्तरच्या दशकात इकडे आले. ओक ट्री रोडच्या जवळ दोन खोल्यांचा दवाखाना, एक रिसेप्शनिस्ट आणि भिंतभर खाकी फाइली. अक्षर असं, की ते एकाच फार्मसिस्टला लागायचं. तो निवृत्त झाला तेव्हा काका आठवडाभर अस्वस्थ होते.

१७ फेब्रुवारी २००९ ला ओबामांनी डेन्व्हरमध्ये मंदीवरच्या उताऱ्याच्या कायद्यावर सही केली. लोकांनी त्यात रस्ते पाहिले, पूल पाहिले. काकांना आत एक कूपन दिसलं. दवाखान्यातली कागदी फाइल सोडून कॉम्प्युटरवर नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरला मेडिकेअरकडून, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याकडून, पाच वर्षांत ४४,००० डॉलरपर्यंत: पहिल्या वर्षी १८,०००, मग १२,०००, ८,०००, ४,००० आणि २,०००. आणि ऐकलं नाही, तर २०१५ पासून मेडिकेअरच्या बिलात एक टक्का कपात, ती पुढे वाढत जाणार.

मला फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना?"

मी एका बँकेच्या मेनफ्रेमवर कोबॉल लिहितो, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. काकांच्या लेखी ते डोळ्यांच्या डॉक्टरने दाताला हात लावायला नाही म्हणण्यासारखं होतं. "शिकला आहेस तर पाहा तरी," म्हणाले. शनिवार माझे गेले ते असे.

कूपनाखालची बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, की नुसतं सॉफ्टवेअर विकत घेऊन भागत नाही. त्याचा 'मीनिंगफुल यूज' करून दाखवायचा. अर्थपूर्ण वापर. "आणि मी तीस वर्षं केलं ते काय निरर्थक?" काकांनी विचारलं. पण अटी पाहून त्यांचा चेहरा खुलला. पंधरा सक्तीच्या, आणि दुसऱ्या दहांपैकी पाच. "हा तर आपला युनिव्हर्सिटीचा पेपर! पहिला प्रश्न अनिवार्य, उरलेल्यांपैकी कोणतेही पाच." पहिल्या वर्षी सलग नव्वद दिवसच दाखवायचे होते, मात्र २०११ चे पैसे हवे असतील तर ३ ऑक्टोबरच्या आत सुरुवात. मुदत म्हटल्यावर काकांना वेगळं सांगावं लागत नाही.

नेमकी त्या ऑक्टोबरात माझी आई कऱ्हाडहून आलेली. प्रवासात पाय सुजले म्हणून दाखवायला नेली. काकांनी तिला पूर्वी दोनदा तपासलेलं; ते आधी नखं बघायचे, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे, मग "कोयनेला पाणी किती आहे?" विचारायचे. या वेळी ते पाठ करून बसले होते. कॉम्प्युटरचं टेबल भिंतीला, भिंतीत प्लग, पेशंट मागे.

"ताई, तुम्ही हिस्पॅनिक आहात का?"

"नाही हो. मी कऱ्हाडची."

"वंश?"

"पाटलांचा," आई म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे की."

काकांनी एका बोटाने 'एशियन' शोधलं. मग भाषा. यादीत हिंदी होती, गुजराती होती, मराठी नव्हती. खुर्ची पहिल्यांदा आमच्याकडे वळली. "बघ," ते मला म्हणाले, जणू यादी मी केली होती.

मग तंबाखू. तेरा वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक पेशंटांची धूम्रपानाची नोंद हवी, आणि उत्तरं ठरलेली सहाच: रोज ओढतो, कधीकधी ओढतो, पूर्वी ओढायचा, कधीच ओढली नाही, ओढायचा पण आता ओढतो का ते माहीत नाही, कधी ओढली की नाही तेच माहीत नाही.

"ताई, तुम्ही ओढता?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच घाम फुटला. "शिव शिव! मी फक्त मशेरी लावते. सकाळी. आणि जेवल्यावर. आणि झोपताना."

काका सहा चौकोनांसमोर बराच वेळ बसले. मशेरी तंबाखूच, पण भाजलेली, आणि भाजताना धूरही होतो. तो धूर ओढला जातो का? आई म्हणाली, शेजारणीसुद्धा खोकतात. शेवटी त्यांनी 'कधीच ओढली नाही'वर खूण केली. वर हिरवा पट्टा आला, शाबास म्हटल्यासारखा. मग उठून त्यांनी भिंतीवरची जुनी खाकी फाइल काढून मला दाखवली. त्यात त्यांच्या अक्षरात, म्हणजे अंदाजाने, लिहिलं होतं: 'मशेरी. सुटणार नाही. धाकट्याच्या लग्नाची काळजी, बीपी त्याचंच.' तो धाकटा मीच.

निघताना प्रिंटरने आईला भेटीचा सारांश दिला. पाच पानं. तोही अटींमधलाच: निम्म्याहून अधिक भेटींनंतर कामाच्या तीन दिवसांत पेशंटच्या हाती पडला पाहिजे. कागद घालवायला निघालेल्या योजनेत दवाखान्याची शाई तिप्पट लागू लागली. आईने त्या पानांवर लोणच्याची लिंबं वाळवली.

डिसेंबरअखेर नव्वद दिवस भरले. सरकारच्या साइटवर अंश आणि छेद भरायचे. पुरावा पाठवायचा नाही, पण तपासणी आली तर दाखवायला सहा वर्षं जपून ठेवायचा. काकांनी तो जपला. छापून. खाकी फाइलीत.

१८,००० आले, पुढच्या वर्षाचे १२,०००ही आले. २०१३ मध्ये मात्र वॉशिंग्टनच्या खर्चकपातीत दोन टक्के छाटले गेले आणि ८,००० चे ७,८४० झाले. वीस सेंटसाठी दहा मैल जाणाऱ्या माणसाला १६० डॉलर काय वाटले असतील! पण खरा घाम २०१४ ने काढला. दुसरी पायरी लागली: पाच टक्क्यांहून अधिक पेशंटांनी स्वतः होऊन दवाखान्याच्या पोर्टलवरून डॉक्टरला निरोप पाठवायचा. त्या वर्षी एकच तिमाही दाखवायची होती. काकांनी जुलै ते सप्टेंबर घेतली, कारण २९ ऑगस्टला गणपती.

सहाशे पेशंट, म्हणजे एकतीस निरोप हवेत. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये काका चपलांच्या स्टँडपाशी यादी घेऊन उभे. ज्याला त्याला फोन काढायला लावत होते. "खोटं लिहू नका. चाळिशीनंतर काही ना काही दुखतंच, तेच लिहा." आरती सुरू असताना त्यांच्या खिशात फोन थरथरत होता आणि ते टाळ्या वाजवत बोटांवर मोजत होते. गुडघा, गुडघा, आम्लपित्त, गुडघा. एकीने काकूंच्या मोदकांच्या उकडीला पाणी किती, ते विचारलं. काकांनी तेही धरलं. पिष्टमय पदार्थ हा प्रकृतीचाच विषय.

बत्तीस भरले.

मग २०१५ चा ऑक्टोबर. १ तारखेला रोगांच्या कोडांची नवी यादी लागू झाली, तिच्यात कोंबडीने चोच मारल्याचाही वेगळा कोड आहे. "कोंबडीची सोय झाली," काका मला म्हणाले, "तुझ्या आईची अजून नाही." आठवड्याच्या आतच सरकारने अटी सैल केल्या. निरोपांची सोय नुसती चालू असली की यंदा पुरे. २०१६ साली एका पेशंटला एक निरोप, किंवा त्याच्या निरोपाला उत्तर, गेलं की झालं.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा काका रविवारचा पेपर कापत होते. कात्री थांबली.

"एक?"

"एक."

आतून काकूंचा आवाज आला. "अहो, मग मीच पाठवला असता की. माझाही गुडघा दुखतोय. आठ महिने झाले सांगतेय."

काकांनी चष्मा वर केला. "पोर्टलवर सांग," म्हणाले.