पाटावर पाय? शिव शिव!

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर आधी बसून घ्या. खुर्चीवरच बसा, कारण पाट रिकामा नाही. त्यावर कुणाचे तरी पाय आहेत!

हो, पाटावर पाय. आणि हे कुठे, तर पुण्यात! एरंडवणे, सहकारनगर, कोथरूड, औंध, एकामागून एक चांगली घरं बिघडत चालली आहेत. सोफ्यासमोर पितळी फुल्यांचा शिसवी पाट, आणि त्यावर घरच्या कर्त्या पुरुषाची दोन्ही पावलं, तीही मोज्यांसकट. ज्या पाटावर आजोबा मुंजीला बसले, ज्यावर भाऊबीजेची ओवाळणी झाली, तिथे आता नातवाच्या टाचा विसावतात. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करणारी ही माणसं! विचारावं तर शांतपणे सांगतात, ‘‘पाट नाही हो, फूटस्टूल आहे. अँटिक.’’ झालं. अँटिक म्हटलं की सगळी पापं धुऊन निघतात.

बरं, हे खूळ साहेबाकडून आलं म्हणावं, तर साहेबाची अडचण तरी खरी होती. तिकडे फरशी गारठलेली, म्हणून पाय उचलून ठेवायला काहीतरी हवंच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथल्या दिवाणखान्यांतून लोकरीच्या भरतकामाने मढवलेली बुटकी स्टुलं पसरलेली असत. मद्य-मांसाच्या मेजवान्या झोडून अंगठा सुजवून घेतलेल्या बड्या धेंडांसाठी तर उतरत्या गादीची वेगळी स्टुलं बनत. आपल्याकडे पायांची शिस्त निराळी. चारचौघांत पाय पसरायचे नाहीत, मांडीखाली दडवायचे. १७९० साली सवाई माधवराव पेशव्यांच्या पुण्यातल्या दरबारात तहासाठी कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट हजर झाला, त्या प्रसंगाचं थॉमस डॅनिएलने १८०५ मध्ये पूर्ण केलेलं चित्र प्रसिद्ध आहे. त्यात साहेब मंडळी मुकाट्याने बैठकीवर, जमिनीलगत. कंपनी सरकारलाही ज्या गावात पाय आवरून बसावं लागलं, त्या गावातच आता पाय वर!

हा माल येतो कुठून, तेही सांगते. मंगळवार पेठेतला जुना बाजार तुम्हाला ठाऊक असेल. नावाला मंगळवार, पण भरतो बुधवारी आणि रविवारी. पूर्वी तिथे जायचे ते नटबोल्ट, जुनी कुलुपं नि मोटारपंपाचे सुटे भाग शोधणारे. आता रविवारी सकाळी तागाचा कुर्ता घातलेली जोडपी गुडघ्यावर बसून पाट उलटे करून बघताना दिसतात. विक्रेता बेरका. कुर्ता दिसला की पाटाचं वय वाढतं आणि वयाबरोबर किंमत. ‘‘वाड्यातला आहे’’ म्हटलं की एक भाव, ‘‘पेशवाईतला आहे’’ म्हटलं की दुसरा. पुण्यात आजवर विकले गेलेले पेशवेकालीन पाट एकत्र मांडले, तर नारायण पेठेपासून हडपसरपर्यंत पंगत बसेल. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळाला, १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठा बुडाल्या, पाट तेवढे सगळे सुखरूप!

वाडे पडले हे मात्र खरं. पुरानंतर पडले, मग बिल्डरांनी पाडले, आणि त्यांच्या सागवानी तुळया, दारं, कडीपाट भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात जाऊन पोचले. सामायिक माळ्यावर धूळ खात पडलेले पाट वाटणीत कुणीच मागितले नाहीत. फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल आलेलं, पाट ठेवायचे कुठे? दिले भंगारात. आता त्याच घरातल्या सुना ते दामदुप्पट मोजून परत आणतायत आणि वर सासूबाईंना सांगतायत, ‘‘आई, बघा किती युनिक आहे!’’ सासूबाई काय बोलणार? त्यांच्या माहेरी असे चोवीस होते. शिवाय पंगतीत जावईबापूंना एक बसायला, एक पाठीशी टेकायला, आणि ताटाखाली चौरंग.

गंमत अशी की, ज्यांना मांडी घालून बसता येत होतं त्यांच्या घरात पाट उरले नाहीत, आणि ज्यांचे गुडघे चाळिशीतच बोलायला लागले त्यांच्याकडे तीन-तीन.

आणि फसवणूक? ती तर विचारूच नका. नव्या लाकडाला चहाच्या पाण्याचा हात द्यायचा, वरून गडद पॉलिश, साखळीने चार ठोके मारायचे, की वर्षभराचा पाट शंभरीत जातो. म्हणूनच जाणकार पाट उलटा करतात. खालच्या आडपट्ट्या पाचरीने बसवल्यात की स्क्रूने, रंधा हाताचा की मशिनचा, ते बघतात. अधिकाची खाच असलेला चकचकीत स्क्रू दिसला की समजावं, नाना फडणवीस यावर बसले नव्हते. असे स्क्रू बाजारात आले तेच मुळी १९३० नंतर.

यातला सगळ्यात खमंग भाग विमानतळावरचा. १९७२ चा पुरावस्तू कायदा सांगतो की शंभर किंवा त्याहून अधिक वर्षं जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्यावा लागतो. मग काय होतं? दिवाणखान्यात जो पाट पाहुण्यांसाठी थेट दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला असतो, तोच न्यू जर्सीच्या लेकीला हवा झाला की एका रात्रीत १९६५ सालचा होतो. ‘‘अहो, तुळशीबागेत घेतला होता, मला चांगलं आठवतंय.’’ इतक्या झपाट्याने वय उतरवणारं औषध माणसांसाठी कधी निघणार?

कुणी म्हणेल, जुन्याची हौस पुण्याला नवी आहे का? नाही. काकासाहेब केळकरांनी १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दरवाजे, अगदी पाय घासायच्या वज्र्यासुद्धा जमवल्या, आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. बाजीराव रस्त्यावरच्या त्यांच्या संग्रहालयात जाऊन या. वज्री काचेआड आहे. त्यांनी ती पायाला लावून टीव्ही पाहिला नाही.

खरं कारण सांगू? पुणेकराला आराम हवाय, पण आराम करताना कुणी पाहिलेलं चालत नाही. गुबगुबीत रेक्झिनचं स्टूल आणलं तर शेजारी म्हणणार, आळशी झाला. तेच शिसवी पाटावर पाय टाकून पडला की तो वारसा जपतो. आरामाला इतिहासाचा दाखला जोडला की पाठीचा कणा कितीही वाकडा असो, मान ताठ राहते. म्हणूनच सावंतवाडीचा लाखकामाचा नवाकोरा रंगीत पाट, ज्यावर आज कारागिराचं पोट चालतं, त्याला ही मंडळी नाक मुरडतात. त्याच्यावर पाय ठेवला तर नुसतेच पाय ठेवल्यासारखं होतं ना!

आणि आता कळस ऐका. प्रभात रोडला एका घरी म्हणे असा पाट इतका महागाचा निघाला, की त्याच्याशेजारी सुवाच्य अक्षरात पाटी लागली आहे: ‘कृपया पाय ठेवू नयेत. उचलूनही पाहू नये.’ घरधनी पुन्हा पूर्वीसारखे पाय खाली सोडून बसतात आणि पायांना सूज येते म्हणून डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर सांगतात, पाय जरा उंचावर ठेवत जा. त्यावर त्यांनी कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं स्टूल घेतलंय. फक्त बेल वाजली की ते आधी सोफ्याखाली सरकवतात, मग दार उघडतात.