पाळीचं पाणी आणि कोकणातला धबधबा

आमच्या माळेगाव बुद्रुकात पाणी आभाळातून पडत नाही, पाळीनं येतं. बारामतीच्या बाजूला वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा: थोडं वाढलं की लगेच ‘पुरे, पुरे’. शेजारच्या माळेगाव खुर्दात केंद्र सरकारनं 2009 साली दुष्काळ, उष्णता, क्षार अशा ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था काढली. बुद्रुकात आम्ही उसाला पाणी चुकलं की स्वतःच ताण घेतो.

तरी शिवार हिरवंगार आहे, ते नीरेच्या डाव्या कालव्यामुळे. 1876-77च्या दुष्काळानं हबकलेल्या इंग्रज सरकारनं 1885च्या सुमारास वीरपासून तो काढला. तेव्हापासून आमच्याकडे माणसाच्या डोक्यात धरणं असतात. भाटघर 23.5 टीएमसी, नीरा देवघर 11.7, वीर 9.4, गुंजवणी 3.7. तात्यांना नातवाचे दहावीचे टक्के विचारले तर ते काकूंकडे बघतात. भाटघरचे विचारले तर दशांश चिन्हासकट सांगतात.

तोच नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीला आला आणि चहाच्या टपरीवर त्यानं जाहीर केलं, “आपण मढे घाटाचा धबधबा बघायला जायचं. ट्रेक आहे.”

त्यानं भूगोल सांगितला. वेल्ह्याच्या, म्हणजे हल्लीच्या राजगड तालुक्यात शेवटी केळद नावाचं गाव आहे. त्याच्या पुढं सह्याद्रीच संपतो आणि कड्यावरून लक्ष्मी धबधबा खाली कोकणात उडी घेतो. मग इतिहास सांगितला. 1670च्या फेब्रुवारीत सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटानं उमरठला नेला, असं सांगतात. इतिहास ऐकून बापूंनी मांडी घातली आणि मोहिमेची बैठक सुरू झाली.

पहिला मुद्दा तारखेचा. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला, तेव्हा गाव सोडायचा प्रश्नच नाही. मग आडसालीच्या लागणी. मग पाटाचं आवर्तन. मग श्रावण, आणि मटणाशिवाय धबधबा बघून करायचं काय, असा बापूंचा रोकडा सवाल. मग गणपती, त्यामागून कारखान्याची वार्षिक सभा. शेवटी पालखी गेल्यानंतरचा आणि श्रावणाआधीचा असा एक रविवार सापडला, ज्या दिवशी कुणाचं लग्न, दहावा किंवा पाळी नव्हती.

दुसरा मुद्दा गाडीचा. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडू, ही सूचना नातवानं हात जोडून परतवली. एक तुफान गाडी ठरली. खरी अडचण बसण्याची होती. कारखान्याच्या निवडणुकीत माणसं दोन्ही पॅनलला वाटलेली. एक पॅनल मधल्या सीटवर, दुसरं मागच्या आडव्या बाकड्यांवर, असा तोडगा निघाला. तात्यांचे व्याही इंदापूर तालुक्यातले, अगदी कालव्याच्या टेलचे. ते पाहुणे आणि तटस्थ म्हणून ड्रायव्हरशेजारी.

तिसरा मुद्दा सामानाचा. नातवाची यादी अशी: रेनकोट, ट्रेकिंगचे बूट, दोर, शिट्टी. तात्यांनी ती घरातच पुरी केली. रेनकोट म्हणजे युरियाच्या गोणीची खोळ, बूट म्हणजे दारं धरायचे गमबूट, आणि दोर म्हणजे कधीच विकलेल्या बैलाचा कासरा. शिट्टीवर मात्र चर्चा झाली.

“माणूस हरवला की वाजवायची,” नातू म्हणाला.

“हरवलेला वाजवील रं,” बापू म्हणाले, “पण ती हरवल्याची का कुणी बोलावल्याची, हे वळखायचं कसं?”

चौथा मुद्दा पोरानं स्वतःच काढला, आणि तिथं बैठक जरा गप्प झाली. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्ह्यातल्या पर्यटनाच्या ठिकाणी पावसाळ्यात मनाईचे हुकूम निघू लागले. म्हणून आधी बंदी आहे का ते विचारायचं, पाण्यात उतरायचं नाही, कड्याच्या काठाशी जायचं नाही.

“तालुक्यातनं फोन लावू की एक,” बापू सवयीनं म्हणाले.

“बापू, पाण्याला फोन लागत नाही,” नातू म्हणाला. ठराव एकमतानं मंजूर झाला. दोन्ही पॅनल एका बाजूला आल्याचं गावानं बऱ्याच काळानं पाहिलं.

भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देताना काकूंनी विचारलं, “आन् आमी?” तात्या म्हणाले, “पुढच्या येळंला.” काकू म्हणाल्या, “बरं. पुढच्या येळंला डबं तुमी करा, आमी बघून येतो.” हा मुद्दा कार्यवृत्तात घेतला नाही.

ठरल्या रविवारी पहाटे निघालो. पणदरे, कोऱ्हाळे, वडगाव निंबाळकर, निंबुत असं नीरेपर्यंतचं प्रवासवर्णन म्हणजे दुसऱ्याच्या उसावरची टीका. ‘पाणी जास्त झालंय’, ‘खत कमी पडलंय’, ‘ह्यो लोळणार’. लोणंद, शिरवळ, मग हायवे आणि नसरापूर. वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो तशी उसाची शेवटची सरीही मागं पडली. दोन्ही बाजूंना भाताच्या खाचरांत लावणीला वाकलेली माणसं. भातातलं आमच्यात कुणालाच कळत नसल्यानं गाडीत पहिल्यांदा शांतता पसरली. पाऊस तर असा लागला, की आमचं वर्षाचं रेशन एका आठवड्यात उतरवून टाकील.

केळदच्या पुढं गाडी थांबली. तात्या गोणीची खोळ घेऊन उतरले आणि कोरडे राहिले. बापूंनी मुलाचा महागडा रेनकोट आणला होता, तो बाहेरून भिजू देईना आणि आतून घामानं सुकू देईना. धबधब्यासमोर पोचलो तर समोर पांढरं, खाली पांढरं, वर पांढरं. नुसता आवाज.

“ह्येच बघायला आलोय?” मागच्या बाकड्यावरच्या पॅनलनं मधल्या सीटवरच्या पॅनलला विचारलं.

तेवढ्यात वाऱ्यानं धुकं बाजूला केलं आणि सगळं पाणी एकदम दिसलं. आजूबाजूची पोरं मोबाईल काढून ओरडायला लागली. आमच्या मंडळींचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. जवळ गेलो तर क्युसेकचा हिशेब चालला होता.

“दोन चाऱ्या फुल्ल चालतील,” तात्या म्हणाले. “जातंय कुठं ह्ये?”

नातवानं समजावलं. हे पाणी खाली शिवथरच्या खोऱ्यातून सावित्रीला आणि तिथून अरबी समुद्राला. कड्याच्या अलीकडच्या उतारावरचं पाणी मात्र कानंदीनं गुंजवणीला, मग नीरेला, वीरला, आमच्या कालव्याला. उरलेलं नरसिंहपूरला भीमेत, पुढं कृष्णेत आणि थेट बंगालच्या उपसागरात.

“म्हंजे थेंब पावलाभर अलीकडं पडला तर गोड, पलीकडं पडला तर खारा!” तात्यांना राहवेना. “हितं एक बांध घातला असता तर? सगळं वायाच की!”

इतका वेळ तटस्थ असलेले पाहुणे खाकरले. “तात्या, हितनं कोकणात गेलं ते तुमी वाया म्हणता. वीरमदनं सुटलेलं आमच्या टेलला पोचत न्हाई, ते कुठल्या समुद्राला जातं म्हणायचं?”

तात्या धबधब्याकडे फारच निरखून बघू लागले.

वाटेतल्या टपरीवर चहा घेताना बापू मालकीणबाईंना म्हणाले, “नशीबवान हाय तुमी. पाण्याला तोटा न्हाई.” त्या गाळणं झटकत म्हणाल्या, “एप्रिलात या, हंडा घिऊन. ह्यो समदा कातळ. पडलं की घसारलं. तवा आमीबी पाणी हुडकत हिंडतो.” एवढा पाऊस झेलणारं गावही पाण्याची वाट बघतं, हे ऐकून दोन्ही पॅनलनी कपातला शेवटचा घोट सांडू न देता संपवला.

परतीच्या वाटेवर रेंज आली आणि सगळे मोबाईल एकदम वाजले. पाटाची पाळी अलीकडं आली होती, रात्री पाणी सुटणार होतं. मग कुठली भजी आणि कुठला फोटो! ड्रायव्हरला सूचना सुरू झाल्या, त्याही एकमतानं. गमबूट पायांतच होते, त्यामुळे थेट बांधावर उतरायची सोय झाली होती.

पाहुण्यांनी गाडीतच पुढची मोहीम जाहीर केली. नरसिंहपूरला संगम बघायचा आणि जाताना वाट वाकडी करून त्यांची टेल. धबधबा नाही, पण कोरडा पाटही एकदा बघण्यासारखा असतो म्हणाले. तारीख मात्र तात्यांनी सांगावी.

“जाऊ की,” तात्या बॅटरीचा उजेड तपासत म्हणाले, “जरा आमची पाळी उरकू द्या.”