तीन चाके आणि बाकी सगळे सुटे

होंडाची एटीसी 90 ही तीन चाकांची, एका माणसापुरती, रस्ता सोडून बाकी कुठेही जाणारी गाडी. अमेरिकेत हिवाळ्यात मोटरसायकलींचा खप बसतो आणि त्या दिवसांत दुकानदारांना विकायला काहीतरी हवे असते. या विवंचनेतून तिचा आराखडा करण्याचे काम 1967 मध्ये ओसामु ताकेउची या अभियंत्याकडे आले. 1970 मध्ये ती यूएस 90 या नावाने 595 डॉलरना बाजारात आली. इंजिन 89 सीसीचे, 7 अश्वशक्तीचे, दोरी ओढून चालू करायचे. टायर 22 इंचांचे, फुगीर, आत हवा जेमतेम 2 पीएसआय. शॉकअ‍ॅब्सॉर्बर नव्हते. ते काम टायरांकडे होते, आणि टायरांना जमले नाही तेवढे चालवणाऱ्याच्या मणक्यांकडे. 1971 च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ चित्रपटात जेम्स बाँडही या गाडीवर बसला. तिचे सुटे भाग शोधण्याची कामगिरी मात्र त्याच्यावर कोणी सोपवली नाही.

पुढे या जातीच्या गाड्यांची संख्या वाढली आणि त्यांचा मूळ दोषही उघडा पडला. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर, डिफरन्शियल नाही. त्यामुळे वळताना अंगाचा भार नेमका सरकवावा लागतो. तो न जमल्याने झालेल्या अपघातांत अनेकांचे, त्यांत लहान मुलांचेही, प्राण गेले. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी 1988 मध्ये न्यायालयात झालेल्या करारानुसार कंपन्यांनी तिथे नव्या तीनचाकी विकणे बंद केले. जुन्या गाड्या बाळगायला मात्र मनाई झाली नाही. परिणामी गाड्या घरोघरच्या कोठारांत राहिल्या आणि त्यांचे भाग कंपनीच्या यादीतून एकेक करून निवृत्त होत गेले.

उरलेल्या भागांचा बाजार एका उलट्या नियमाने चालतो. ज्या भागावाचून गाडी हलत नाही तो सहसा मिळतो, ज्या भागावाचून काहीच अडत नाही तो मिळता मिळत नाही. कारण साधे आहे. झिजणारे भाग पुन्हा पुन्हा विकले जातात, म्हणून कोणी ना कोणी ते बनवत राहतो. न झिजणारा भाग एकदाच बनतो आणि एकदाच हरवतो.

शोधाची सुरुवात क्रमांकापासून करावी. होंडाच्या भागाच्या क्रमांकाचे तीन तुकडे असतात. पहिला तुकडा भाग कोणता ते सांगतो, मधला तो मुळात कोणत्या मॉडेलसाठी आखला ते. पहिल्या तुकड्यात 12200 म्हणजे सिलिंडर हेड, 13101 म्हणजे पिस्टन, 16100 म्हणजे कार्ब्युरेटर. मात्र कंपनी जुना क्रमांक रद्द करून नवा देते, कालांतराने त्याच्याही जागी आणखी नवा येतो. सात-बारावरच्या फेरफारांसारखी ही साखळी उलगडत जावी लागते, आणि शेवटी मूळ मालक हयात नाही एवढेच कळते.

इंजिनाच्या बाबतीत नशीब बरे असते. एटीसी 90 चे इंजिन सीटी 90 या दुचाकीच्या घराण्यातले आहे आणि दुचाकीचे गणगोत मोठे. सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर. तो झिजला की बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालतात. त्याचा क्रमांक 13102 ने सुरू होतो. पुन्हा झिजला की अर्धा, मग पाऊण, मग पूर्ण मिलिमीटर. बोअर करून आणण्यापूर्वी त्या मापाचा पिस्टन हातात असावा. हा क्रम उलटा करणाऱ्यांमुळे लेथवाल्यांचे धंदे चालतात.

बेअरिंग हा या विषयातला एकमेव सुखाचा परिच्छेद. 6203 म्हटले की आतला व्यास 17, बाहेरचा 40 आणि जाडी 12 मिलिमीटर, मग दुकान पुण्यातले असो की पेनसिल्व्हेनियातले. येथे गाडीचे नावही सांगू नये. सांगितल्यास ‘त्याचे नाही मिळत आता’ असे उत्तर येते आणि तेच बेअरिंग मागच्या फळीवर पडून राहते.

स्क्रू दिसायला क्षुल्लक असतात, पण त्यांची चौफुली जपानी मानकाची असते. तिच्यात अमेरिकी फिलिप्स पेचकस नीट बसत नाही. जोर लावला की तो वर सरकतो आणि चौफुलीचा वाटोळा खड्डा होतो. एकेका इंजिनावर अशा गोल खड्ड्यांवरून आधीच्या मालकांची संख्या मोजता येते.

टायरांचा प्रश्न अधिक गंभीर. सुरुवातीच्या टायरांना शेतातले कापणीनंतरचे खुंट सहज भोके पाडत, म्हणून होंडाने आधी दुरुस्तीचा संच दिला आणि 1975 मध्ये टायरात कापडी थर घातला. पुढच्या मॉडेलांत मापे बदलली. 1985 च्या एटीसी 250 आर या गाडीचा पुढचा टायर 23.5×8-11 मापाचा. हे माप चारचाकी वाहनांना फारसे लागत नाही आणि तीनचाकी तर बनतच नाहीत. त्यामुळे असा टायर सापडल्यावर त्याची नक्षी, भेगा किंवा किंमत यांवर मत व्यक्त करण्याची प्रथा नाही.

प्लॅस्टिकच्या मडगार्डांपाशी त्या उलट्या नियमाचा कडेलोट होतो. उन्हात वर्षानुवर्षे उभ्या गाडीचा लाल रंग उडून फिका गुलाबी होतो आणि प्लॅस्टिक ठिसूळ बनते. घासून, पॉलिश करून रंग थोडा परततो. तडा परतत नाही. स्टिकरांच्या नव्या नकला मिळतात, परंतु जाणकार दोन पावलांवरून नक्कल ओळखतो आणि चार माणसांत ते सांगतो. कंपनीच्या जुन्या, वेष्टनही न फोडलेल्या मालाला सर्वाधिक मान. तो इतका मौल्यवान असतो की कित्येक मालक गाडीला लावण्याऐवजी तो वेष्टनासकट कपाटात ठेवतात.

यांतून काहीच जमले नाही तर भागांसाठी दुसरी गाडी घेतात. तिच्या जाहिरातीत बहुधा ‘उभी केली तेव्हा चालू होती’ असे लिहिलेले असते. हे विधान जगातल्या बहुतेक बंद गाड्यांविषयी खरे आहे. घरी आणल्यावर दुसरी गाडी पहिलीपेक्षा बरी असल्याचे आढळते. मग पहिलीचे भाग दुसरीला लागतात. दोघींतही तोच एक भाग नसल्याचे लक्षात आले की तिसरी घ्यावी लागते. घरातली इतर माणसे या टप्प्यावर प्रथमच विषयात रस घेतात.

सर्व जोडणी झाल्यावर टायरांत हवा भरावी. मोटारीच्या टायरात तीसेक पीएसआय हवा असते. तिच्यासाठी बनवलेल्या गेजचा काटा दोन पीएसआय नीट दाखवत नाही, आणि अंदाजाने भरल्यास गाडी चेंडूसारखी उडते. त्यासाठी कमी दाबाचा खास गेज लागतो. मूळ गेज कोठेही झिजत नसल्यामुळे तो अर्थातच हरवलेला असतो. यादीच्या तळाशी त्याचेही नाव लिहून ठेवावे.